ऑपरेशनच्या टेबलाभोवतीची माणसे

मार्च २०२० चा शेवटचा आठवडा इंग्लंडमधील मुस्लिम घरांना फार जड गेला. २५ मार्च रोजी डॉ. आदिल अल-तय्यार यांचा लंडनमध्ये इंतकाल झाला. वय ६३. मूळचे सुदानचे, मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारे नामांकित सर्जन. मायदेशी परत जाऊन तेथे प्रत्यारोपणाची सोय उभी करण्यात त्यांचा हात होता. त्यानंतर तीन दिवसांनी, २८ मार्चला, कान-नाक-घशाचे सर्जन डॉ. अमजद अल-हौरानी गेले. ते ५५ वर्षांचे होते आणि त्यांचे मूळही सुदानचेच. त्याच आठवड्यात जनरल प्रॅक्टिशनर डॉ. हबीब झैदी आणि मूळचे नायजेरियाचे डॉ. अल्फा सादू यांच्या निधनाच्या बातम्या आल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कोरोनाने मरण पावलेले पहिले चारही डॉक्टर मुसलमान निघाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

एप्रिलच्या ८ तारखेला आणखी एक नाव जोडले गेले, डॉ. अब्दुल माबूद चौधरी. मूळचे बांगलादेशचे, लंडनच्या होमर्टन रुग्णालयातील मूत्रविकारांचे सर्जन, वय ५३. आजारी पडण्यापूर्वी १८ मार्चला त्यांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना उद्देशून फेसबुकवर लिहिले होते की, आरोग्यसेवेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संरक्षक साहित्य मिळाले पाहिजे. त्या लिखाणाला तीन आठवडे होतात तोच ते गेले. कार्डिफच्या रुग्णालयात हृदय व छातीच्या शस्त्रक्रिया विभागात काम करणारे, मुंबई विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. जितेंद्र राठोड त्यांच्या दोन दिवस आधीच गेले होते.

सर्जन मंडळी अशी एकापाठोपाठ जाऊ लागली तेव्हा आपल्याकडेही घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता. ज्या घरातला मुलगा सर्जन, मुलगी भूलतज्ज्ञ, सून थिएटर सिस्टर किंवा धाकटा भाऊ ओ.टी. टेक्निशियन, त्या घरात तर तो रात्रंदिवस होता. कोरोनाच्या रुग्णाचे पोट किंवा छाती उघडायची, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर दोन-तीन तास उभे राहायचे. मग लागण होणार नाही तर काय होणार? आम्हालाही तेव्हा हेच वाटत होते. पुढे जसजशी माहिती जमत गेली तसतसे चित्र वेगळे दिसू लागले. ते वेगळे कसे, आणि या माणसांच्या घरच्यांनी त्यातून काय समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

प्रथम वुहानकडे जाऊ, कारण सर्वांत आधी किंमत तेथील लोकांनी मोजली. वुहानच्या झोंगनान रुग्णालयात जानेवारी २०२० मध्ये दाखल झालेल्या १३८ रुग्णांचा अहवाल फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४० जण खुद्द रुग्णालयाचेच कर्मचारी होते. त्यातली एक हकिगत फार बोलकी आहे. एक रुग्ण पोटाच्या तक्रारी घेऊन आला. ताप-खोकल्याचा नव्हे, पोटाचा रुग्ण म्हणून त्याला सर्जरीच्या वॉर्डात ठेवले गेले. त्या एका रुग्णापासून त्या विभागातल्या दहाहून अधिक कर्मचाऱ्यांना लागण झाली असावी, असा तेथील डॉक्टरांचा निष्कर्ष होता. डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांचे नाव तर जगभर गेले. काचबिंदूचा एक रुग्ण तपासताना त्यांना लागण झाली, आणि त्या रुग्णाला तेव्हा कोरोनाचे कसलेही लक्षण नव्हते. ७ फेब्रुवारीला ते गेले तेव्हा ते जेमतेम तिशीतले होते.

या दोन्ही हकिगतींत एक गोष्ट सारखी आहे. धोका ज्या माणसापासून आला त्याच्याकडे कोणी कोरोनाचा रुग्ण म्हणून पाहतच नव्हते.

वुहानच्या अस्थिशल्यविशारदांवर, म्हणजे आपल्या भाषेत हाडांच्या सर्जनवर, झालेला अभ्यास आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथील आठ रुग्णालयांतल्या २६ ऑर्थोपेडिक सर्जनना लागण झाल्याचे आढळले. लागण कोठे झाली असावी, असे त्यांना विचारण्यात आले. काहींनी एकाहून जास्त जागा सांगितल्या. साधारण वॉर्ड, असे सांगणारे ७९.२ टक्के. रुग्णालयातल्या सार्वजनिक जागा, असे सांगणारे २०.८ टक्के. आणि ऑपरेशन थिएटर? १२.५ टक्के. म्हणजे ज्या खोलीची सर्वांना धास्ती, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त लागण वॉर्डात राउंड घेताना, ड्रेसिंग बदलताना, रुग्णाशी आणि नातेवाइकांशी बोलताना झाली होती. त्या अभ्यासात धोका वाढवणाऱ्या दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, एन-९५ मास्क न वापरणे. आणि दुसरी, अतिशय थकवा. लागण होण्यापूर्वीच्या काळात जे सर्जन कामाने पिचून गेले होते ते जास्त प्रमाणात आजारी पडले. घरच्यांसाठी अभ्यासातला शेवटचा आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे: या डॉक्टरांपैकी २०.८ टक्क्यांकडून घरातल्या माणसांना लागण झाली; सहकाऱ्यांना आणि रुग्णांना झाली ती प्रत्येकी फक्त ४.२ टक्क्यांकडून.

असे का व्हावे? थिएटरात शिरताना माणूस सावध असतो. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे हा तिथला रोजचाच रिवाज. दार बंद, माणसे मोजकी. वॉर्डात मात्र दार सताड उघडे, नातेवाइकांची वर्दळ, नाकाखाली घसरलेला मास्क, आणि चहाच्या टेबलाभोवती चार डॉक्टर मास्क उतरवून बसलेले. विषाणूला अशीच जागा मानवते.

आता थिएटरातले धोके नेमके कोणते ते पाहू. सर्जन, सिस्टर, टेक्निशियन यांना वर्षानुवर्षे भीती होती ती सुईची. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तातून येतात; वापरलेली सुई बोटाला टोचली की जीव टांगणीला. म्हणून थिएटरातले सगळे शिक्षण रक्तापासून वाचण्याचे. कोरोनाने बाजूच पालटली. तो श्वासातून येतो. थिएटरातला निळा-हिरवा सर्जिकल मास्क तर मुळात सर्जनला वाचवण्यासाठी बनलेलाच नव्हता. १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाऊ शहरात मिकुलिच नावाच्या सर्जनने तो वापरात आणला तो सर्जनच्या तोंडातले तुषार रुग्णाच्या जखमेत पडू नयेत म्हणून. रबरी हातमोज्यांची कथा उलटी आहे. अमेरिकेत हॉलस्टेड नावाच्या सर्जनने ते बनवून घेतले ते जंतुनाशक द्रवाने हात सोलून निघणाऱ्या एका थिएटर नर्ससाठी. म्हणजे हातमोजे कर्मचाऱ्यासाठी आले आणि पुढे रुग्णाच्या कामी पडले. मास्क रुग्णासाठी आला आणि २०२० साली तो कर्मचाऱ्यासाठी अपुरा पडला. त्याच्या कडांतून हवा आत शिरते. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसतो आणि अतिसूक्ष्म कणांपैकी निदान ९५ टक्के कण गाळतो. पण घट्ट बसला तरच.

मास्क बदलल्याने किती फरक पडतो, याचा एक हिशेब वुहानमधूनच मिळाला. झोंगनान रुग्णालयात कोरोनाच्या ४९ रुग्णांना कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली गेली. त्यांतल्या ४५ शस्त्रक्रिया सिझेरियनच्या होत्या. हे काम ४४ भूलतज्ज्ञांनी केले. ज्या ३७ जणांच्या अंगावर पूर्ण संरक्षक पोशाख होता त्यांतल्या एकाला लागण झाली. ज्या सात जणांपाशी फक्त साधा मास्क, टोपी, गाऊन आणि हातमोजे होते त्यांतल्या चौघांना. संख्या लहान आहे हे खरे, त्यावरून फार मोठे इमले बांधू नयेत. पण ३७ पैकी एक आणि सातपैकी चार यातला फरक समजायला गणिताची पदवी लागत नाही.

पूर्ण भूल देताना रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. थिएटरात सर्वांत धोक्याचा क्षण हाच, असे सुरुवातीला जगभर मानले गेले. त्याला कारण होते. २००३ च्या सार्स साथीच्या अनुभवावरून नळी घालणाऱ्यांना लागण होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे साडेसहा पट असल्याचे दिसले होते. म्हणून नियम झाले: नळी घालताना खोलीत फक्त भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस, बाकी सर्व बाहेर, काम शिकाऊ डॉक्टराने नव्हे, हात सर्वांत बसलेल्या माणसाने करायचे, शक्य तर कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपने, म्हणजे तोंडाजवळ वाकावे लागत नाही. पुढे १७ देशांतल्या ५०३ रुग्णालयांतील १,७१८ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. कोरोनाच्या किंवा संशयित रुग्णांना त्यांनी मिळून पाच हजारांवर नळ्या घातल्या होत्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांतले १०.७ टक्के लोक एक तर आजारी पडले किंवा लक्षणांमुळे त्यांना वेगळे राहावे लागले; तपासणीत लागण सिद्ध झाली ती ३.१ टक्क्यांची.

मग इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी प्रत्यक्ष थिएटरात यंत्र लावून हवेतले कण मोजले. नळी घालताना जे कण उडतात ते माणसाच्या एका साध्या खोकल्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी निघाले. भूल दिलेला रुग्ण निपचित असतो, खोकत नाही. खोकतो तो वॉर्डात, जागेपणी, आणि नळी काढताना. धोक्याची जागा डॉक्टरांनी मानली होती तिथून थोडी सरकली ती अशी. ब्रिटनमध्ये पहिल्या काही आठवड्यांत मरण पावलेल्या शंभराहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची यादी तपासली तेव्हा तीत एकही भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचा डॉक्टर सापडला नव्हता, तो हिशेबही याच्याशी जुळतो. दिवसरात्र विषाणूच्या तोंडाशी काम करणारे हे लोक वाचले, कारण त्यांना संरक्षक साहित्य आधी मिळाले आणि धोका ठाऊक होता. त्या यादीत बाहेरच्या देशांतून आलेल्या, गोऱ्या नसलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण मात्र फार मोठे होते. डॉ. अल-तय्यार यांना लागण झाली ती त्यांच्या कुटुंबीयांच्या मते अपघात विभागात. त्या दिवसांत ते तिथे मदतीला गेले होते.

प्लॅस्टिकच्या पेटीची गंमतही सांगून टाकू. तैवानच्या एका डॉक्टरने पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी बनवली. ती रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची आणि दोन भोकांतून हात घालून नळी बसवायची. कल्पना सोपी, स्वस्त. मार्च-एप्रिलमध्ये ती जगभर पसरली. आपल्याकडेही गावोगावच्या काचवाल्यांनी, बोर्ड बनवणाऱ्यांनी त्या पेट्या रुग्णालयांना मोफत करून दिल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे चाचण्यांत दिसले की पेटीत हात अडकतात, वेळ जास्त लागतो, आणि भोकांतून बाहेर येणारे कण उलट डॉक्टरच्याच तोंडावर येऊ शकतात. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आतली हवा ओढून न घेणाऱ्या अशा पेट्यांना दिलेली तातडीची परवानगी मागे घेतली. देणाऱ्यांची नियत नेक होती, पण नेक नियतीने हवा गाळली जात नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचेही असेच झाले. पोटात वायू भरून ती करतात. त्या वायूबरोबर आणि जाळण्याच्या उपकरणातून निघणाऱ्या धुराबरोबर विषाणू बाहेर येईल या भीतीने मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्जन संस्थांनी ती टाळण्याचा सल्ला दिला. भीती अगदीच निराधार नव्हती, धुरात हिपॅटायटिस बीचा विषाणू पूर्वी आढळलेला आहे. पण त्या धुरातून कोणा सर्जनला कोरोना झाल्याचे सिद्ध झाले नाही. धूर ओढून घेणारी, गाळणी बसवलेली नळी लावून ही ऑपरेशने पुन्हा सुरू झाली.

हवेबद्दल मात्र घरच्यांनीही थोडे जाणून घेण्यासारखे आहे. चांगल्या थिएटरात तासाला २०-२५ वेळा संपूर्ण हवा बदलते. प्रत्येक बदलात जुन्या हवेतले सुमारे दोन तृतीयांश कण निघून जातात. पाच वेळा बदलली की शंभरात एकही उरत नाही. म्हणजे नळी घातल्यावर बारा-पंधरा मिनिटे थांबले तर हवा जवळपास स्वच्छ. ही झाली मोठ्या रुग्णालयांची गोष्ट. आपल्या तालुक्याच्या गावी पहिल्या मजल्यावर दहा खाटांचे जे नर्सिंग होम असते, त्याच्या थिएटरात भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच हवा गार करून फिरवतो. म्हणून अनेक ठिकाणी एसी बंद करून, खिडकीत बाहेर हवा टाकणारा पंखा बसवून ऑपरेशने झाली.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, एसी बंद, अंगावर प्लॅस्टिकचा डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख, त्यावर ऑपरेशनचा गाऊन, हातमोज्यांच्या दोन जोड्या. दहा मिनिटांत घाम पायमोज्यांत उतरतो. चष्म्यावर वाफ धरते आणि ती पुसायला हात मोकळा नसतो. एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जात नाही, म्हणून पाटीवर लिहून दाखवायचे किंवा खुणा करायच्या. त्या वर्षी भारतात रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. रोजा असो वा नसो, पोशाखात शिरल्यावर पाण्याचा घोट सर्वांनाच वर्ज्य होता. संडास-लघवीला जाण्याची सोय नसे, म्हणून आत जाण्यापूर्वीही लोक पाणी पीत नसत. हा पोशाखसुद्धा सुरुवातीला सर्वांना मिळाला नव्हता. मार्च २०२० च्या अखेरीस कोलकात्यात डॉक्टरांनी रेनकोट आणि हरियाणात मोटारसायकलचे हेल्मेट घालून काम केल्याच्या बातम्या जगभर गेल्या.

आणि खरी कसोटी पोशाख घालण्याची नाही, काढण्याची. विषाणू असेल तर तो पोशाखाच्या बाहेरच्या बाजूवर. तीन तास घामाघूम झालेल्या माणसाला तो कधी एकदा ओरबाडून काढतो असे होते, आणि नेमका तेव्हाच हात चेहऱ्याला लागतो. म्हणून आधी हातमोजे आणि गाऊन, मग चष्मा, मास्क सर्वांत शेवटी आणि तोही खोलीबाहेर आल्यावर, प्रत्येक पायरीला हात धुणे, असा क्रम शिकवला गेला. समोर एक सहकारी उभा राहून पायरी-पायरीला सांगत असे.

आमच्या वाचकांच्या दृष्टीने यात दोन नाजूक प्रश्न आले, दाढीचा आणि हिजाबचा. एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. मधे दाढीचे केस आले की कडेने हवा आत जाते. ब्रिटनमध्ये मास्क नीट बसतो की नाही याची रीतसर चाचणी होते आणि दाढीवाले कर्मचारी तीत नापास होत. काही मुस्लिम डॉक्टरांनी उलेमांचा सल्ला घेऊन तेवढ्या काळापुरती दाढी उतरवली. काहींनी डोक्यावर टोपासारखा बसणारा, गाळलेली हवा आत सोडणारा यंत्राचा मास्क मागितला, तो दाढीवर चालतो, पण महाग आणि मोजक्याच रुग्णालयांत. शीख डॉक्टरांनी दाढीवर रबराची पातळ पट्टी घट्ट ओढून बांधायची आणि त्यावर मास्क चढवायचा, असा मार्ग काढला; त्याचे निष्कर्ष वैद्यकीय मासिकात छापूनही आले आणि काही मुसलमान डॉक्टरांनाही तो सोयीचा पडला. आमच्या मते ज्याने दाढी राखून सुरक्षित राहण्याची वाट शोधली त्याचे कौतुक करावे, आणि ज्याने जीव वाचवण्याच्या कामासाठी ती उतरवली त्याच्याकडे बोट दाखवू नये. त्या दिवसांत काही ठिकाणी असे बोट दाखवले गेले, ते आम्हाला मुळीच आवडले नाही.

हिजाबचा प्रश्न त्या मानाने आधीच सुटला होता. इंग्लंडच्या रॉयल डर्बी रुग्णालयात डॉ. फराह रोस्लान या शिकाऊ डॉक्टर मुलीला थिएटरातून बाहेर पडावे लागले होते, कारण सकाळपासून डोक्यावर असलेला तिचा हिजाब निर्जंतुक नव्हता. आक्षेप बरोबरच होता, हे तिलाही मान्य होते. तिने मग एकदा वापरून टाकून देण्याच्या निर्जंतुक हिजाबची कल्पना मांडली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या रुग्णालयाने ते सुरू केले. कोरोना अवघ्या काही आठवड्यांवर होता.

सर्जन आणि भूलतज्ज्ञांविषयी एवढे लिहिले, पण ऑपरेशन संपल्यावर थिएटरात कोण उरते? टेबल पुसणारे मामा, रक्ताने भिजलेल्या चादरी गोळा करणाऱ्या मावशी, हत्यारे धुणारा टेक्निशियन, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलणारा कंत्राटी कामगार. रुग्णाला ट्रॉलीवरून वॉर्डात नेणारा वॉर्डबॉय त्याच्या तोंडाशी वाकलेला असतो, आणि रुग्ण तेव्हा भूल उतरून खोकत असतो. यांच्या हाती बहुतेक वेळा कापडी किंवा साधा मास्कच आला. अभ्यासांत यांचे आकडे फार कमी सापडतात. प्रश्नावल्या डॉक्टर भरतात आणि मोजणी डॉक्टरांची होते. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला, त्यात वॉर्डबॉय आणि सफाई कामगारही होते. पण खासगी दवाखाना चालवणाऱ्या काही डॉक्टरांच्या कुटुंबांनाही त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, तिथे कंत्राटी मावशीच्या मुलांनी कागद कोठून गोळा करावेत?

आपल्याकडे सर्वांत मोठे काम झाले ते बाळंतपणाचे. अपेंडिक्स एखादवेळेस औषधावर थोपवता येते, हर्नियाला थांबवता येते. बाळ थांबत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात मे २०२० पर्यंत कोरोनाग्रस्त मातांची शंभराहून अधिक बाळे जन्मली, निम्म्याहून जास्त सिझेरियनने. मोजक्या बाळांची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, ती पुढे निगेटिव्ह झाली. हे सर्व चालले होते ते धारावीच्या शेजारी, साथ ऐन भरात असताना.

याच महिन्यांत काही घरांनी एक गोष्ट लपवली. पेशंटला दोन दिवस ताप होता, घरात कोणी पॉझिटिव्ह होते, पण सांगितले तर दाखल करून घेणार नाहीत, किंवा मोहल्ल्यात पत्रा ठोकतील, या भीतीने ‘काही नाही, सगळे ठीक’ असे सांगितले गेले. तबलिगी जमातीच्या निमित्ताने तेव्हा जे विष पसरवले गेले होते, त्यामुळे आपल्या लोकांना ही भीती जास्तच होती. काही रुग्णालयांनी नाव पाहून दार बंद केल्याच्या तक्रारीही झाल्या. भीती आम्ही समजू शकतो. पण वुहानच्या त्या पोटदुखीच्या रुग्णाची हकिगत येथे पुन्हा आठवावी. ठाऊक असलेल्या रुग्णाकडून ३७ पैकी एकाला लागण होते. ठाऊक नसलेल्याकडून एका वॉर्डात दहाजणांना.

शिवाय लपवण्यात पेशंटचेच नुकसान जास्त आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. बर्मिंगहॅम विद्यापीठातून चाललेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांची नोंद झाली, ज्यांना ऑपरेशनच्या थोडे आधी किंवा नंतर कोरोना झाला होता. तीस दिवसांत त्यांतले २३.८ टक्के दगावले. निम्म्यांना फुप्फुसाचा त्रास झाला. याच गटाने पुढे ११६ देशांतल्या एक लाख चाळीस हजार रुग्णांचा हिशेब मांडला. कोरोना झाल्यानंतर सात आठवड्यांच्या आत ऑपरेशन केले तर मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक होता, सात आठवडे उलटल्यावर तो इतरांइतका झाला. हे लसीपूर्वीच्या काळातले आकडे आहेत, आज धोका इतका नाही. तरी कोरोना होऊन गेल्याबरोबर पित्ताशयाचे किंवा गुडघ्याचे थांबवता येण्यासारखे ऑपरेशन उरकून घेण्याची घाई करू नये. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही तारीख सांगावी आणि ‘थांबू का?’ असे स्पष्ट विचारावे. कॅन्सर किंवा तातडीच्या ऑपरेशनला हा हिशेब लागू करू नये, तिथे थांबण्याचीच किंमत मोठी असते.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. त्याचा पडताळा तीन महिन्यांतच आला. दुसऱ्या लाटेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली. दोन डोस घेतलेल्यांमध्ये लागण ६५ टक्क्यांनी कमी, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी, आणि अतिदक्षता विभागात जाण्याचे ९४ टक्क्यांनी कमी दिसले. महाराष्ट्रात त्याच उन्हाळ्यात काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, हजारोंच्या संख्येने आली. ती नाकाच्या पोकळ्यांत शिरते, तिथून डोळ्यात, मेंदूत. कोरोनातून नुकत्याच उठलेल्या, कधी अजून पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णाचे नाक, टाळू, जबड्याचे हाड खरवडून काढायचे, काहींचा डोळा काढायचा. विषाणूचे घर नाकातच, आणि ड्रिल चालले की तुषार उडणारच. एक वर्षापूर्वी हीच शस्त्रक्रिया करायला जगातले कान-नाक-घशाचे सर्जन कचरत होते. २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ती रोज रांगेने झाली, लस घेतलेल्या, एन-९५ घातलेल्या माणसांच्या हातून.

ओमायक्रॉन आला तेव्हा, जानेवारी २०२२ मध्ये, मुंबईत काही दिवसांतच शेकडो निवासी डॉक्टर पॉझिटिव्ह झाले. बहुतेकांना सर्दी-तापावर निभावले. त्यांतल्या कितीजणांना लागण थिएटरात झाली आणि कितीजणांना होस्टेलच्या खोलीत, मेसमध्ये, लोकलच्या डब्यात, हे वेगळे करता येणारच नव्हते. विषाणू सगळीकडेच होता. थिएटरे तयार होती, मास्क मुबलक होते, पोशाखही होते. काही ऑपरेशनच्या तारखा तरीही पुढे गेल्या, कारण भूल देणारा, हत्यार हातात देणारी आणि टेबल पुसणारा, तिघेही सात दिवस घरी होते.